नावेवरचा दुसरा टीव्ही

शाळेत मधल्या सुट्टीत खिचडी वाटणं चाललं होतं, तेव्हा धाकट्या भावाचा फोन आला. तो एरवी फोन करत नाही. केलाच तर कुणाचं तरी बरंवाईट झालेलं असतं. म्हणून मी हातातला डाव पातेल्यात सोडून व्हरांड्याच्या टोकाला गेले.

"अक्का, तुझ्याकडं एखादा जुना टीव्ही हाये का?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"टीव्ही. जुना चालंल. पण चालू पायजे."

"घरी लावायचाय?"

"न्हाई. नावेवर."

पलीकडून पत्र्याला पाणी लागल्याचा आवाज येत होता. "जल्दी बघ," असं म्हणून त्यानं फोन ठेवून दिला. मी परत येऊन पोरांना खिचडी वाढायला लागले. एका पोरीच्या ताटात दोनदा वाढली, ते तिनंच सांगितलं तेव्हा कळलं.

भाऊ नावेवर कसा गेला हेच मुळात आमच्या घरात कुणाला नीट उमगलेलं नव्हतं. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. पाणी म्हणजे मेंढरांना पाजायचं आणि आपण ओंजळीनं प्यायचं, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध. घरात पोहता कुणालाच येत नव्हतं. वडिलांच्या मागं भावानं काही वर्षं कळप सांभाळला. मग चरायला रान उरलं नाही, तेव्हा कळप विकला आणि दोनेक वर्षं दुसऱ्यांच्या वावरात राबला. एक दिवस कळलं की परतूरच्या पुढं धरणाच्या पाण्यात कुणी माशांचे पिंजरे टाकलेत आणि हा तिथं कामाला लागला. पिंजरे म्हणजे पिंपांवर तरंगणारे लोखंडी चौकोन. खाली जाळं सोडलेलं असतं आणि जाळ्यात चिलापी मासा वाढवतात. दिवसातून तीन-चार वेळा खाद्य टाकायचं, मेलेले मासे काढायचे, पाणकावळे हाकलायचे. एकाला जाळं उचलून धरावं लागतं, दुसऱ्याला काम करावं लागतं. म्हणून मालकानं नवरा-बायको दोघांना ठेवून घेतलं. चाळिशीला टेकल्यावर माझा भाऊ पाठीला रिकामा कॅन बांधून पोहायला शिकला.

भावजयीचं मात्र कुणी काही विचारलं नाही. ती मंठ्याकडच्या एका कोरड्या गावची. नवरा जिकडं जाईल तिकडं ती जाणार, असं आम्ही सगळ्यांनी धरलं होतं. मीसुद्धा.

नावेवर आधी एक टीव्ही होता, तो मी पाहिला होता. शाळेच्या वहीएवढा. फवारणीच्या पंपात असते तसल्या लहान बॅटरीवर चालायचा, आणि त्याला एक पेनड्राइव्ह लावलेला असायचा. जाळं ओढताना दोर अडकून तो पाण्यात गेला, हे भावानं नंतरच्या फोनवर सांगितलं.

"बुडाला?"

"सरळ खाली गेला. बुडबुडा बी न्हाई आला."

मला वाटलं, बरं झालं, गेला तर गेला. चार वेळा माशांना खाऊ घालायचं काम, त्यात टीव्ही कशाला? पण आमच्या घरात भिंतीवर नवा मोठा टीव्ही लागला होता आणि जुना चोवीस इंची कपाटावर चादर पांघरून पडला होता. आमचे हे म्हणाले, "दे ना, पडूनच तर आहे. पण डिशची छत्री कुठं लावणार तो?" हे मी भावाला विचारलं, तर तो हसला. "अक्का, नाव फिरत राह्यती. छत्री एकाच जागी बघती. छत्री नको." म्हणजे टीव्ही हवा आणि छत्री नको. मी आपलं हो म्हटलं.

रविवारी टीव्ही गोधडीत गुंडाळून मी वाटूरहून एसटीत बसले. मांडीवर आडवा घेतला होता. कंडक्टर तिकीट द्यायला आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "लेकरू झोपलंय का?" मी मान हलवली. खरं काय ते सांगत बसले असते तर पुढचा प्रश्न आला असता, आणि नावेवर टीव्ही कशाला, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

परतूरला भाऊ मोटारसायकल घेऊन आला होता. तिथून खडीचा रस्ता, मग ज्वारीच्या धाटांतून एक पाऊलवाट, आणि एकदम पाणी. नाव काठाला खुंटीला बांधलेली होती. पत्र्याची, बुडाला सपाट, मधल्या भागावर बांबूच्या कमानी आणि त्यावर ताडपत्री. भावजय आत बसलेली होती. मी आले तशी तिनं "या वन्सं" म्हटलं, पण उठली नाही. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला आणि तोंड ताडपत्रीकडं.

भावानं टीव्ही फळीवर ठेवला, मागून वायर ओढली आणि पिन हातात घेऊन इकडंतिकडं बघायला लागला.

"हे कुठं घालायचं?"

मीही बघायला लागले. नावेत पिनीला भोक कुठं असणार? बुडालेल्या टीव्हीच्या वायरीला दोन चिमटे होते, ते बॅटरीला लावले की झालं. ह्याला भिंतीत घालायची पिन. हे मला घरी का सुचलं नाही, हे आजही सांगता येत नाही. टीव्ही म्हणजे टीव्ही, आणि बॅटरी म्हणजे बॅटरी, एवढ्यावर मी निघाले होते.

"तू तर पोरांना हेच शिकवतीस ना?" भाऊ म्हणाला.

ते मात्र बराबर होतं. सातवी-आठवीचं विज्ञान माझ्याकडंच होतं. विद्युतधारेचा धडा मी किती वर्षं शिकवला त्याची मोजदाद नाही. फळ्यावर एक लांब रेघ आणि एक आखूड रेघ काढली की तो सेल. गोलात फुली म्हणजे दिवा. धन टोकाकडून ऋण टोकाकडं बाण. पोरं ते वहीत काढायची आणि मी लाल पेनानं बरोबरची खूण करायची. आता समोर खरी बॅटरी होती, तिच्यावर ना लांब रेघ ना आखूड. दोन काळपट टोकं होती, एकावर लाल रंग खरवडलेला. टीव्हीच्या मागं दोनशेतीस व्होल्ट लिहिलेलं, बॅटरीवर बारा. मी ते दोन्ही आकडे दोनदा वाचले.

"एक डबी मिळती," मी शेवटी म्हणाले. "बाराचे दोनशेतीस करणारी."

"मंग ती आण."

"तुला एवढी घाई कशाची रे?"

त्यानं भावजयीकडं मान केली आणि आवाज न लपवताच बोलला, "टीव्ही न्हाई तर नावेत येत न्हाई म्हणती. परवा आलीच न्हाई. म्या एकट्यानं जाळं उचललं. असली जिद्दी बाई म्या बिलकुल बघितली न्हाई."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. "काय गं, राग आला का? चुकीचा टीव्ही आणला म्हणून?"

"न्हाई वन्सं. राग कशाचा?"

पण तोंड फिरवलं नाही. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू? मी इतक्या लांबून मांडीवर टीव्ही घेऊन आले आणि हिला माझ्याकडं बघवत नाही. परत येताना एसटीत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडले. मालिकांचा असा नाद की नवऱ्याला एकट्याला पाण्यात सोडायचं!

वाटूरच्या फाट्यावर एक ओळखीचे जीपवाले उभे असतात. त्यांच्या जीपमध्ये मोबाइल चार्ज करायला एक डबी होती, तिला भिंतीसारखं भोक होतं. ती मी पुढच्या रविवारसाठी मागून घेतली. घरी बसून हिशेबही केला. टीव्हीवर पंचेचाळीस वॅट लिहिलंय, त्याला बाराने भागलं तर चार अँपिअरच्या आतबाहेर, आणि बॅटरीवर आठ अँपिअर-तास लिहिलंय. म्हणजे दोन तास तरी चालायला हवा. वहीत आकडे व्यवस्थित बसले. आमच्या ह्यांनाही दाखवले.

नावेत डबी लावली. हिरवा दिवा लागला. पिन घातली, रिमोट दाबला, पडद्यावर कंपनीचं नाव आलं आणि भाऊ टाळी वाजवणार तेवढ्यात डबी कोंबडीचं पिल्लू चिरडल्यासारखी ओरडली. लाल दिवा. अंधार.

पुन्हा लावलं. पुन्हा नाव आलं, पुन्हा ओरडली.

"पेटतो तर," भाऊ म्हणाला. "मंग मरतो का?"

"बॅटरी उतरली असंल."

"रात्रभर चार्ज केली म्या."

चार-पाच वेळा तेच. प्रत्येक वेळी ते नाव मोठ्या थाटात यायचं आणि जायचं. माझा दोन तासांचा हिशेब एका मिनिटालाही पुरला नाही. मी बॅटरीला हात लावून बघितला. का बघितला कोण जाणे! ताप बघतात तसा. वायर मात्र गरम लागली. याचा अर्थ काय, ते मला कळलं नाही. मी भावाला तेवढंच सांगितलं, "वायर गरम झालीय."

"मंग?"

"मंग काय ते मला न्हाई माहीत."

भावजय त्या दिवशीही तशीच बसलेली. फक्त डबी पहिल्यांदा ओरडली तेव्हा दचकून तिनं दोन्ही हातांनी नावेची कड धरली. ती नंतर बराच वेळ सोडली नव्हती. हे मी बघितलं, पण माझं सगळं लक्ष डबीत.

मग टीव्ही पुन्हा गोधडीत गेला आणि एका शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर मी जालन्याला गेले. जुन्या जालन्यात कापडाच्या आणि धान्याच्या ठोक दुकानांच्या मधून गल्ल्या आत जातात, तिथं दुरुस्तीवाले बसतात. पहिल्यानं डबी बघून सांगितलं की ही डबी खराब करंट देते, चांगली डबी घ्या. दुसऱ्यानं सांगितलं की डबी चांगली आहे, बॅटरी ट्रॅक्टरची घ्या. ती दोन माणसांशिवाय उचलली जात नाही. नावेत ती ठेवली तर नावेचं काय होईल, असं मी विचारलं. तो म्हणाला, ते तुम्ही नाववाल्याला विचारा. दोघंही इतक्या खात्रीनं बोलत होते की पहिल्याच्या दुकानात मला पहिल्याचं पटलं आणि दुसऱ्याच्या दुकानात दुसऱ्याचं.

तिसरं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. आत साठीचे एक चाचा, चष्मा कपाळावर. मी सगळं सांगितलं. भावाची नाव, पिंजरे, पाण्यात गेलेला टीव्ही, डबी. नको तेवढंही सांगितलं बहुतेक. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमची बॅटरी बाराची. ही डबी त्याचे दोनशेतीस करती. टीव्ही आत नेऊन परत त्याचे बारा करतो. बाराचे बाराच पायजे व्हते, तर इतना चक्कर कायको?"

"म्हणजे टीव्ही आधीपासूनच बाराचा होता?"

"अंदरसे, हौ."

"मग मागं दोनशेतीस का लिहिलंय?"

"भिंतीत दोनशेतीस हाये म्हणून."

त्यांनी स्टूल पुढं केलं. मग टीव्हीचं मागचं झाकण उघडून मला आत बघायला लावलं. दोन हिरव्या पाट्या होत्या. एकीवर भिंतीतली वीज येते, दुसरीवर चित्र तयार होतं, आणि त्या दोघींच्या मधून चार-पाच बारीक वायरी गेलेल्या. जिथून त्या निघतात तिथं अगदी लहान अक्षरात बारा लिहिलेलं. मी चष्मा पुसून वाचलं. खरंच बारा होतं.

"सब टीव्हीमें ऐसा नहीं होता," चाचा म्हणाले. "काही चोवीसवाले, काही भलतेच. तुमचा बराबर निघाला. मागं एक सॉकेट काढून देतो, बॅटरीची वायर सरळ तिथं."

"म्हणजे आता थेट लावायचं?"

"थेट न्हाई. बॅटरीला उन्हाची पाटी हाये का? चार्जिंगला?"

होती. पिंजऱ्याच्या कोपऱ्यावर दिव्यासाठी एक सौर पाटी लावलेली होती आणि भावाला ती वापरायला मालकानं सांगितलंच होतं.

"मंग दिवसा बॅटरी चौदाला जाती. उतरली की अकरावर येती. मध्ये ही लहान पेटी लावायची. इकडून काही येऊ द्या, तिकडं बाराच देती."

"बाराची बॅटरी बाराची नसते?"

"कभी नहीं," ते म्हणाले. सहज म्हणाले, पण मी त्या स्टुलावर हलले. फळ्यावर मी इतकी वर्षं बारा लिहिले की ते तास संपेपर्यंत बाराच राहायचे.

माझी जुनी वायर त्यांनी चिमटीत धरून बघितली. "ये धागा है. बॅटरीतून निघतं ते ह्यातच मरून जातं. म्हणून गरम." मग जाड लाल-काळी वायर दिली, तिच्यात फ्यूजची एक नळी बसवली आणि वर दोन फ्यूज कागदात बांधून दिले. "लाल को लाल. उलटं लागलं तर फ्यूज जाईल, टीव्ही न्हाई जाणार. रडायचं न्हाई."

मी रडणार आहे असं त्यांना का वाटलं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर पोचले तेव्हा भाऊ म्हणाला, आज काठावर नको, पिंजऱ्याशी जाऊनच लावू, सौर पाटी तिथंच आहे. म्हणजे मलाही नावेतून आत जावं लागणार होतं. मी पहिल्यांदाच जात होते. लाईफ जॅकेट साडीवर चढवलं. भावजयीनंही चढवलं. ती नावेत कशी चढते हे मी त्या दिवशी बघितलं. आधी काठाच्या खुंटीला दोन्ही हात. मग डोळे मिटून एक पाय आत, तो टेकल्यावर खाली बसून तळहात फळीवर, आणि मग घसरत घसरत ताडपत्रीच्या आतल्या कोपऱ्यात. तिथं पोचल्यावर पदर पुढं आणि तोंड ताडपत्रीकडं. भाऊ तेव्हा दोर सोडत होता. त्याची पाठ होती. वर्षभर रोज त्या वेळेला त्याची पाठच असणार.

नाव निघाली. बुडाच्या पत्र्याखाली पाणी बोलल्यासारखा आवाज येत होता. गळगळ, मग थांबून एक ठोका, मग पुन्हा. मला तो आवाज बरा वाटला, खरं सांगते. भावजयीचे ओठ हलत होते. ती काहीतरी मोजत होती की देवाचं म्हणत होती, ते कळलं नाही.

पिंजऱ्याला नाव बांधली. पाटीची वायर चार्जिंगच्या एका चपट्या डब्यात आली, डब्यातून बॅटरीला, आणि बॅटरीपासून आमची जाड वायर चाचांच्या लहान पेटीतून टीव्हीला. मी म्हणाले, "लाल कुठंय ते बघ नीट." तो म्हणाला, "बघितलं." चिमटा टेकवला आणि नळीत चट्‌ झालं.

"झालं काय?"

"तू उलटं लावलंस."

"तूच म्हणालीस ह्ये लाल हाये म्हणून."

"मी कधी म्हणाले?"

दोघंही खात्रीनं बोलत होतो. बॅटरीच्या त्या खरवडलेल्या रंगाकडं आम्ही तिथंच वाकून बघितलं. तो लाल होता की गंज, हे ठरेना. शेवटी पुसून बघितलं तर खाली अधिकची खूण निघाली, दुसऱ्याच टोकावर. मी कागदातून दुसरा फ्यूज काढला. बोटं ओली होती, तो पाण्यात जाईल म्हणून तोंडात धरला आणि नळी उघडली. या वेळी मीच लावलं.

दिवा लागला. कंपनीचं नाव आलं. आम्ही दोघंही त्या डबीसारखं काहीतरी ओरडण्याची वाट बघत थांबलो. कुणी ओरडलं नाही. नाव गेलं आणि निळा पडदा स्थिर राहिला.

"पेनड्राइव्ह," भाऊ म्हणाला. भावजयीनं पदराच्या गाठीतून तो काढून दिला. आधीच्या टीव्हीतून तो त्या दिवशी कसा वाचला, हे मी विचारलं नाही. तिच्याजवळच असायचा बहुतेक.

लग्नाचा व्हिडिओ होता. मांडव, वाजंत्री, आणि मग लांबच्या लांब पंगत. कॅमेरावाला एका टोकापासून निघालेला, आणि एकेक माणूस घास तोंडाशी नेऊन थांबायचा, कॅमेऱ्याकडं बघायचा. म्हातारे, बाया, बुंदी मागणारी लेकरं. आवाज मोठा होता. पाण्याचा आवाज त्यात कुठच्या कुठं गेला.

भावजय ताडपत्रीकडून वळली. पहिल्यांदा मी तिचं तोंड सरळ बघितलं. पदर मागं सारून तिनं खाद्याचं पोतं जवळ ओढलं आणि वाडग्यानं टोपल्यात भरायला लागली. भाऊ पिंजऱ्याच्या फळीवर चढून पलीकडं जाळं तपासायला गेला, तेव्हा मी विचारलं.

"कुणाचं लग्न गं?"

"भाचीचं. म्हायेरचं."

"रोज हेच बघतेस?"

"बघत कुठं, वन्सं? काम करते की." आणि खरंच, तिचे डोळे टोपल्यात होते. अधूनमधून नुसती मान वर करायची. आपल्या मागं लेकरू आहे ना, एवढं बघून आई परत कामाला लागते, तसं.

"मग याच्यावाचून अडलं होतं काय एवढं?"

ती वाडगं भरत राहिली. मग म्हणाली, "इथं खाली पाणी किती हाये, तुम्हाला ठावं हाये का?"

"न्हाई."

"ह्यांना बी न्हाई. पहिल्या दिवशी म्या लांब बांबू सोडला. टेकलाच न्हाई." तिनं वाडगं पोत्यावर पालथं ठेवलं. "दोघंच असलो की खालचा आवाज येतो. तुमचे भाऊ बोलत न्हाईत. टीव्ही लावला की माणसं येतात. नाव भरल्यासारखी वाटती."

"मग रेडिओ लावायचा की. मोबाइलवर गाणी लावायची. त्याला काहीच लागलं नसतं." मला गरम झालेली वायर, डबी, ते स्टूल, सगळं आठवत होतं.

"रेडिओत माणसं दिसत न्हाईत."

"मोबाइलवर दिसतात."

"इवली इवली दिसतात. इथं बघा." तिनं पंगतीकडं हात केला. "हा माझा चुलता. ही वैनी. इतकी माणसं असल्यावर कुणी ना कुणी हात देतंच."

मी विज्ञान शिकवते. टीव्हीतली माणसं हात देत नाहीत, हे सांगायला माझं तोंड उघडलंही असेल, कारण तीच पुढं म्हणाली, "मला कळतंय वन्सं, ती टीव्हीत हायेत."

"मग तू येतेसच कशाला इतकं भ्या वाटतं तर? सांगायचं त्याला. दुसरं माणूस ठेवतील."

"सांगू नका तुम्ही. बिलकुल सांगू नका. मंग ह्ये म्हणतील, तू घरी बस. दुसरं माणूस मिळंपर्यंत ह्ये एकटेच येतील. एकट्याचा पाय घसरला तर?"

"पण त्याला पोहता येतं. तुला येत न्हाई."

"म्हणून काय झालं? वरडायला तर कुणी पायजे."

हे मला अजूनही नीट मांडता येत नाही. जिला पाण्याची भीती, ती रोज पाण्यावर येत होती, आणि ज्याला पोहता येतं त्याच्यासाठी येत होती. टीव्ही बुडाल्यावर एक दिवस ती आली नव्हती, त्या दिवशी काय केलं तेही तिनं सांगितलं. दिवसभर काठावरच्या बाभळीखाली उभी राहून ती नावेकडं बघत होती. भावाला ती घरी आहे असं वाटत होतं. मलाही तसंच वाटलं होतं.

परतताना भाऊ मला परतूरला सोडायला आला. मोटारसायकलवर मागं बसून मी विचारलं, "तिला टीव्ही एवढा का लागतो रे?"

"नाद," तो म्हणाला. "म्हायेरच्या लग्नाचा नाद. तेच तेच बघती. म्या कंटाळून गेल्तो, पण आता काय म्हणणार?"

सांगावं असं फार वाटलं. त्याच्या पाठीवर हात ठेवला होता तो दाबलाही. पण तिनं सांगू नका म्हटलं होतं, आणि सांगून काय होईल हे मला ठरवता येईना. सांगितलं तर तो तिला घरी बसवील आणि ती पुन्हा बाभळीखाली उभी राहील. नाही सांगितलं तर ती रोज डोळे मिटून नावेत पाय टाकील. खडीवर गाडी उडत होती. स्टँड आलं तेव्हा मी एवढंच म्हणाले, "जाळं तपासताना लांब जात जाऊ नको. नावेच्या जवळ राहा."

"का?"

"असंच."

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला काही कळलं नसणार.

टीव्ही चालला. उन्हाळाभर एकदाही बंद पडला नाही. सकाळी पाटीवर ऊन आलं की बॅटरी भरत जायची आणि टीव्ही खात जायचा, दोघांचं जमून गेलं. मग आषाढात आभाळ भरून राहायला लागलं आणि एका दुपारी भावजयीचा फोन आला. लग्नापासून इतक्या वर्षांत तिनं स्वतःहून मला केलेला तो पहिला फोन.

"वन्सं, टीव्ही रोज दुपारीच बंद पडून राह्यलाय. तीन दिवस झाले."

मी तिला ऊन आणि पाटीचं समजावून सांगितलं. बॅटरी अर्धीच भरते, म्हणून टीव्ही अर्धाच दिवस चालतो. आवाज आणि उजेड कमी ठेव म्हणजे थोडा जास्त टिकेल. ती हो हो म्हणाली. मला काळजी वाटली.

"मग दुपारनंतर काय करतेस?"

"ह्यांनाच बोलायला लावते."

"तो बोलतो?"

"आपणहून न्हाई बोलत. म्या माशांचं विचारते. ह्यो मासा वर का आला, त्यो कोपऱ्यात का बसला, खाद्य कमी का टाकलं. मंग सांगत बसतात. लई वेळ सांगतात." मागं पावसाची भुरभुर ऐकू येत होती. "त्यांना वाटतंय, मला माशांची लई गोडी लागलीय."